पाड्याचं वर्ष मार्चला संपत नाही

प्रति,
मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांचे सन्माननीय सदस्य,



फेब्रुवारी उतरला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या घाटात काचा वर केलेल्या पांढऱ्या गाड्यांची ये-जा वाढते. नाक्यावरच्या चहावाल्याला कॅलेंडर बघावं लागत नाही, गाड्यांवरूनच त्याला महिना कळतो. गाडीत आपलीच माणसं असतात. गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची सीलबंद बाटली आणि डोक्यात एकच गणित: ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडला पाहिजे. पुढच्या सीटवर स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता असतो. फाटा चुकू नये म्हणून त्याला घेतलेलं असतं आणि तो सारखा मोबाइलची रेंज शोधत असतो.

पाडा येतो. कुडाच्या भिंतींची वीस-पंचवीस घरं. त्यातल्या निम्म्यांच्या दाराला कुलूप नाही, कडीला नुसती दोरी बांधलेली. ओटीवर एखादी म्हातारी, तिच्या आसपास शाळेच्या वयाची, पण शाळेत नसलेली दोन-तीन पोरं. फोटोसाठी माणसं गोळा करताना कार्यकर्त्याला घाम फुटतो. मंडळींना वाटतं, लोकांना उत्साहच नाही. खरी गोष्ट साधी आहे. ज्यांच्यासाठी ही गाडी आली, ती माणसं त्या दुपारी भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर चिखल तुडवत असतात.

कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. पाड्याचं वर्ष तसं चालत नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाला भाताची आणि नागलीची रोपं टाकायची, मग आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी. आषाढ-श्रावण हे सगळ्यांत अंगावर येणारे महिने. शेतात काम मरणाचं आणि कणगी रिकामी. रानातली भाजी, कंद आणि दुकानदाराची उधारी यांवर दिवस ढकलायचे. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून झालं की उधारी फिटते आणि उरलेले दाणे शिमग्यापर्यंतही पुरत नाहीत. म्हणून दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर.

भट्टीवर जाणाऱ्याने बहुतेक वेळा शेठचा बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, आधीच घेतलेला असतो. कुणी सणासाठी, कुणी लग्नासाठी, कुणी आजारपणात. तो फेडायला नवरा-बायकोची जोडी लागते आणि पोरांना मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून तीही सोबत जातात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. तांदूळ-मीठ-मिरचीसाठी आठवड्याला मिळते ती खर्ची, तीही शेवटी मजुरीतून वजा. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा कित्येक जोड्यांच्या हातात काही पडण्याऐवजी नावावर बाकी राहते आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यायचं ठरून जातं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. त्यानंतरही वसईच्या पट्ट्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना काढून एकेक बांधलेला माणूस कायद्याच्या आधाराने सोडवावा लागला. मुंबईच्या लोकलच्या शेवटच्या काही स्टेशनांच्या आसपास घडलेली ही गोष्ट आहे.

आता जरा कायद्याचं बोलू. तो आपल्याला पाठ असणार, पण त्यातल्या दोन तरतुदी फारशा वापरलेल्या दिसत नाहीत. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपेक्षा कमी नाही, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे आणि सातव्या परिशिष्टात भूक आणि गरिबीचं निर्मूलन अगदी पहिल्या क्रमांकावर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर नियमांत ‘चालू प्रकल्प’ ही सोय आली. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं प्रकल्प चालवता येतो. न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत वापरायचे. म्हणजे कायदा चार वर्षांपर्यंत हात मोकळा ठेवतो. मार्चमधली धावपळ कायद्याने लादलेली नाही. ती बहुतेक आपल्या अंदाजपत्रकाच्या सवयीची आहे.

दुसरी तरतूद ५ टक्क्यांची. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, हे खरं. पण नियमाची व्याख्या नीट वाचली तर ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. तरी पाड्यापाड्यांवर मोटरसायकलने फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार ‘ओव्हरहेड’ म्हणून छाटला जातो. मग संस्था त्याला सहा महिने ठेवते आणि सहा महिने घरी बसवते. टाकी बांधायला पैसे असतात. टाकीचा पंप बिघडला तर तो दुरुस्त करून घेणाऱ्या, पाणी समितीची भांडणं मिटवणाऱ्या माणसाला मात्र नसतात. अशा टाक्यांच्या गळ्यात देणगीदारांच्या नावाच्या पाट्या अजून चांगल्या आहेत. रंग पक्का असतो.

एक वर्ष का पुरत नाही, हे पाहायला आता आंब्याकडे येऊ. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसदा भागात ‘वाडी’चा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो जव्हारच्या डोंगरउतारांवर आला. कल्पना अगदी साधी. कुटुंबाची साधारण एकरभर वरकस जमीन घ्यायची आणि तिच्यात आंबा-काजूची कलमं लावायची. बांधाने माती अडवायची, भोवती जिवंत कुंपण करायचं आणि झाडं मोठी होईपर्यंत मधल्या पट्ट्यात नागली, भाजी घ्यायची. पण करायला गेलं की कंबर मोडते. खडकाळ उतारावर कलमागणिक हात-दीड हात खोल खड्डा. जव्हारला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात. त्यामुळे पहिले दोन-तीन उन्हाळे प्रत्येक कलमाला हंड्याने पाणी. हे पाणी बहुतेक बायकाच वाहतात, प्यायचं पाणी आणून झाल्यावर. एखादा गुरांचा कळप कुंपणातून आत शिरला तर वर्षाची मेहनत एका सकाळी संपते.

आणि फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात.

या चार-पाच वर्षांतच सगळं ठरतं. कुटुंबाने भट्टीवर जायचं नाही असं ठरवलं, तर त्या मधल्या काळात खायचं काय? वाडीच्या चांगल्या कार्यक्रमांनी याचं उत्तर आधीच शोधलं होतं. खड्डे, बांध, कुंपण यांच्या कामाची सुरुवातीच्या वर्षांत मजुरी द्यायची, म्हणजे माणूस उन्हाळ्यात स्वतःच्या रानात टिकतो. पहिली फळं येईपर्यंत भाजीपाला किंवा मोगरा. जव्हार-विक्रमगडचा मोगरा पहाटे खुडून दादरच्या फुलबाजारात येतो. आपल्यापैकी काहींनी लग्नसराईत तो भाव न विचारता घेतलाही असेल. नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीसाठी वाडी हाच गाभा धरला, तो या अनुभवावरून. एका वर्षाच्या करारात वाडी बसत नाही. एका वर्षात फक्त खड्डे होतात, रोपवाटपाचा कार्यक्रम होतो, ‘इतकी रोपं वाटली’ असा आकडा अहवालात जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात ती जगली का, हे विचारायला गाडी येत नाही.

पाड्याच्या वर्षाशी जुळवून घेतल्यावर काय होतं, याची महाराष्ट्रातली उदाहरणं जुनी आहेत. अनुताई वाघांनी ताराबाई मोडकांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर काम केलं तेव्हा मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. त्यावर हजेरीसाठी बक्षिसं लावण्याऐवजी शाळाच कुरणात नेली गेली. तिचं नावच कुरणशाळा. पुढे पंडितांच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर शाळा काढल्या. भट्टीवर मजूर पेंढ्या-पाल्याची जी खोपटी घालतात तिला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. दोन्ही नावं ऐकली की कळतं, काढणाऱ्यांनी आधी मूल कुठे आहे ते पाहिलं आणि इमारतीचा विचार नंतर केला.

आषाढ-श्रावणाचंही तसंच. कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने ठाकर-कातकऱ्यांच्या वस्त्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. सुरुवातीला थोडं धान्य संस्थेने द्यायचं. पावसाळ्यात गरजूने ते उचलायचं, सुगीनंतर थोडी भर घालून परत करायचं. भर सावकाराच्या दिढी-दुपटीपेक्षा पुष्कळ कमी आणि ती जाते वस्तीच्याच साठ्यात. हिशेब बायका ठेवू शकतात, पायली-अधोलीच्या मापात. यात उद्घाटनाला कापायची फीत नाही, ड्रोनमधून दिसेल अशी इमारत नाही. पण श्रावणात घरात दाणा असला तर दिवाळीआधी बयाण्यासाठी शेठपुढे हात पसरायची घाई राहत नाही. इतका स्वस्त आणि इतका नेमक्या जागी लागणारा खर्च दुसरा क्वचितच सापडेल.

पालघरहून गडचिरोलीला गेलं तरी वेळेची गोष्ट सुटत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास तिकडे गेले आणि त्यांनी ‘सर्च’चं काम उभं केलं. लोक दवाखान्याला घाबरत होते. म्हणून दवाखाना कसा असावा, हे त्यांनाच विचारलं. उत्तरातून जे उभं राहिलं ते वॉर्डांच्या चाळीपेक्षा गोंड वस्तीसारखं होतं. रुग्णालयाला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. बाळं न्यूमोनियाने जात होती आणि तो ओळखायचा तर श्वास मोजायला हवेत. पण गावातल्या सुईणीला बारापुढे मोजता येत नसेल तर? तेव्हा एक साधं उपकरण बनलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया, औषध सुरू. लिहिता-वाचता न येणारी बाई निदान करू लागली.

पुढचं पाऊल नवजात बाळांचं. ३९ गावांत आरोग्यदूत बायका घरोघर जाऊन बाळ तपासत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांतला बदल धरूनही ६२ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला १९९९ मध्ये. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर न्यायचं ठरवलं. १९८६ ते २०११, म्हणजे पंचवीस वर्षं. ‘तिमाही प्रगती’च्या रकान्यात सुरुवातीची कित्येक वर्षं काय लिहिलं असतं, याची कल्पनाच करावी. शिवाय हे निव्वळ आरोग्याचं काम नव्हे. पाड्यावर बयाण्याची मोठी कारणं विचारली की आजारपण पहिल्या दोन-तीनात येतंच.

यापुढचा विषय आपल्या बैठकांत अवघड होतो, हे माहीत आहे. हक्कांचा विषय निघाला की कायदा सल्लागार खाकरतो. ‘आपण विकास करू, आंदोलनाच्या भानगडीत नको.’ पण आदिवासी भागातल्या गरिबीचं मूळ जमीन आणि जंगल कुणाच्या ताब्यात आहे यात आहे. ते बाजूला ठेवून केलेला विकास म्हणजे भाड्याच्या घराला मार्बल लावणं.

गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहावं. साधारण पाचशे लोकवस्तीचं गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा राज्यभर पोचली, पण तिच्यामागचा खटाटोप कमी लोकांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यास गट चालवले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांमध्ये. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. बांबू गवत की झाड यावर कागदोपत्री खल चालू होता आणि वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालं. वर्षानुवर्षं कागद कारखान्यासाठी तोडणीची मजुरी करणारे लोक त्या दिवसापासून विक्रेते झाले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने त्याच वाटेने २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क मिळवला. बांबूतून गावातच काम निघालं, बाहेर जायची पाळी कमी झाली. या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, हे मात्र ऐकणाऱ्याला पटत नाही. हमखास पैसा देणारं पीक सोडलं, कारण पानासाठी झाडं छाटावी लागतात, जंगलात आगी लागतात, आणि तेंदूचं फळ माणसं-पाखरं खातात ते मिळेनासं होतं. एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाने असा ठराव केला असता तर त्यावर परिसंवाद झाले असते. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने उजाड रानावर हक्क घेतला, झाडं वाढवली, आणि तिथली सीताफळं आता स्वतःच्या नावाने बाजारात जातात.

या गावांमागे उभ्या राहिलेल्या संस्थांनी काय दिलं? वस्तू फारशा दिल्या नाहीत. नकाशे काढायला मदत केली, दावे भरले, तहसील आणि वनखात्याच्या खेपा घातल्या, निविदा कशी काढायची ते शिकवलं, आणि बैठकीत बहुतेक वेळ गप्प बसल्या. या सगळ्याचा खर्च म्हणजे माणसांचे पगार, एसटीचं भाडं, झेरॉक्स. म्हणजे नेमकं तेच, जे आपल्या अर्जाच्या नमुन्यात शेवटच्या ओळीत दाबून बसवावं लागतं.

संस्थांची बाजू घेताना त्यांच्या खोडीही सांगायला हव्यात. काही जण पाड्याला आपली जहागीर समजतात आणि दुसरी संस्था आली की तोंड फिरवतात. देणगीदार बदलला की कामाचं नाव बदलतं: परवा पाणलोट, काल बचत गट, आज ‘उपजीविका’. माणसं तीच, फोटो तेच. ‘लाभार्थी’ हा शब्द तर इतका रुळला आहे की ग्रामसभेत मत देणारा माणूस संस्थेच्या रजिस्टरमध्ये फक्त अनुक्रमांक उरतो. पण यातलं बरंचसं वर्षावर्षाच्या करारांनी शिकवलेलं आहे. मार्चनंतर पगार होईल की नाही हे माहीत नसलेला माणूस पाचव्या वर्षीच्या आंब्याचा विचार करत नाही.

शिवाय कंपनी कायदा आपल्याला सांगतो की कंपनीच्या कामकाजाच्या परिसराला, आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. मुंबईतली कंपनी हा परिसर लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाभोवती मोजते. पण तिच्या कार्यालयातल्या नळाचं पाणी येतं ते तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा या धरणांमधून. मध्य वैतरणेचं १०२ मीटर उंचीचं धरण मोखाडा तालुक्यात आहे. जलवाहिनी पाड्यांजवळून जाते आणि एप्रिलमध्ये त्याच तालुक्यांतल्या बाया झऱ्याच्या खड्ड्यात वाटीने पाणी भरत बसलेल्या असतात. एका हंड्याला पाऊण तास लागला तरी खालचं पाणी गढूळ होऊ नये म्हणून वाटी अलगद बुडवायची असते. परिसराची रेघ जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढायला कायद्याची आडकाठी दिसत नाही.

मागणं फार मोठं नाही. येत्या वर्षीच्या आदिवासी भागातल्या कामांपैकी निदान काही ‘चालू प्रकल्प’ म्हणून चार वर्षांसाठी मंजूर करावीत. कार्यकर्त्यांचे पगार प्रकल्पाचा थेट खर्च धरावेत. दाव्यांसाठी, नकाशांसाठी, ग्रामसभेच्या हिशेबनिसासाठी पैसे द्यायला कचरू नये. सामूहिक वनहक्क हा संसदेने केलेला कायदा आहे, त्याची अंमलबजावणी म्हणजे चळवळ नव्हे. आणि पैसे देताना धान्य बँकेचा हप्ता जूनच्या आधी पोचेल असं बघावं. सप्टेंबरमध्ये पोचलेला तांदूळ तोवर घेतलेल्या उधारीचं व्याज माफ करत नाही.

आणि भेट द्यायचीच असेल तर या खेपेला मार्चमध्ये नको. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यावं. कसाऱ्याला लोकल सोडली की खोडाळ्यावरून मोखाड्याचा रस्ता आहे. पायात प्लास्टिकच्या चपला असाव्यात, बूट चिखलात राहतील. आवणी चालू असेल, त्यामुळे दुपारी कुणी बोलायला थांबणार नाही. बांधावर छत्री धरून उभं राहावं लागेल, कदाचित कुणीतरी रोपांची जुडी हातात देईल. संध्याकाळी चूल पेटल्यावर मात्र सगळी घरी असतील. तेव्हा ओटीवर बसून विचारावं, यंदा बयाणा घेतला का आणि कशासाठी.

कळावे,

आपला,
जव्हार रस्त्यावरचा एक जुना प्रवासी